शून्य ही संख्या, की नुसती धरून ठेवलेली जागा?

मोगरा | १२ ऑगस्ट, रात्री ९:४०

मंडळी, आमच्या घरी तीन दिवस एकाच गोष्टीवर चर्चा चालली आहे, म्हणून धागा काढते.

मुलगी सहावीत आहे, मराठी माध्यम. परवा घटक चाचणीचा पेपर मिळाला. प्रश्न होता, ‘सर्वांत लहान सम संख्या कोणती?’ तिने लिहिलं ०. त्यावर लाल फुली आणि शेजारी २. तिने वर्गात विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, शून्य मोजण्याच्या कामाचं नाही, ते दहा-वीस लिहायला लागतं, सम-विषम त्याच्या पुढे सुरू होतं. घरी आली ती रडवेली होऊन. गेलेल्या गुणाचं तिला काही वाटलं नाही. ‘आई, मग पुस्तकात पूर्ण संख्या शून्यापासून का सुरू केल्यात?’ एवढंच विचारत होती.

सासरे आयुष्यभर हिशेबाच्या कामात होते. ते म्हणतात बाईंचंच बरोबर. त्यांच्या लहानपणी शून्याला पूज्य म्हणत, ‘एकावर पूज्य दहा’. पूज्य जागा धरून ठेवतं, त्याला स्वतःची किंमत नाही. त्यांना तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, दिडकी, औटकी सगळं अजून तोंडपाठ आहे. मला म्हणाले, ‘सूनबाई, शून्याचा पाढा कुणी कधी म्हटलाय का?’ मला उत्तर देता आलं नाही.

जाणकारांनी समजावून सांगा. मुलीला वाचून दाखवणार आहे, तेव्हा जमेल तितकं सोपं लिहा.

खडूफळा | १२ ऑगस्ट, रात्री १०:२५

मोगराताई, मी ३४ वर्षं गणित शिकवलं, त्यातली बरीचशी जिल्हा परिषदेच्या शाळांत. तुमच्या लेकीला माझी शाबासकी सांगा.

आधी प्रश्नाबद्दल. ‘सर्वांत लहान सम संख्या’ हा प्रश्नच अपुरा आहे. नैसर्गिक संख्यांमधली विचारली तर उत्तर २. पूर्ण संख्यांमधली विचारली तर ०. आणि पूर्णांक संख्यांमधली विचारली तर उत्तरच नाही, कारण −२, −४, −६ असं खाली जातच राहता येतं. कोणत्या गटातली, हे लिहिलं नसताना ० ला फुली मारणं मला पटत नाही.

शून्य सम आहे का? आहे. २ ने भागल्यावर बाकी उरत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी, १ आणि −१, विषम आहेत. दिल्लीत जानेवारी २०१६ मध्ये गाड्यांसाठी सम-विषमचा नियम आला, तेव्हा ज्यांच्या नंबराच्या शेवटी ० होतं त्या गाड्या सम तारखेला चालवायच्या होत्या. तिथे शून्याला बाहेर ठेवलं असतं तर त्या गाड्या कुठल्याच दिवशी निघाल्या नसत्या.

आता मूळ मुद्दा. अंक आणि संख्या या दोन शब्दांची आपण सर्रास सरमिसळ करतो. अंक म्हणजे लिहायची खूण. संख्या म्हणजे ‘किती?’ या प्रश्नाचं उत्तर. ५०७ मधलं मधलं शून्य हा अंक आहे, तिथे ते दशकाची जागा राखतं. तुमच्या सासऱ्यांचं ‘पूज्य’ ते हेच, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबर बोलतात. पण ‘डब्यात किती लाडू उरले?’ याचं उत्तर म्हणून जे शून्य येतं, ती संख्या. खूण एकच, कामं दोन. वर्गात हा फरक सांगायला पाच मिनिटं लागतात. ती दिली नाहीत की मूल पुढे बीजगणितात अडकतं. मी असं अडकलेली मुलं बघितली आहेत.

घाटवाट | १२ ऑगस्ट, रात्री ११:१०

सर, जागा राखणाऱ्या शून्याबद्दल थोडं. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरले आहेत. तिथे ६००१ ही संख्या येते, पण एकही शून्य नाही, कारण त्या पद्धतीत हजाराची, शंभराची, वीसची, दहाची चिन्हंच वेगळी. सहा हजाराचं चिन्ह काढायचं, पुढे एकाचं काढायचं, संपलं. आज आपल्याला त्याच संख्येसाठी मध्ये दोन शून्यं लागतात.

म्हणजे खूण नव्हती तेव्हाही माणसं मोठ्या संख्या लिहीत होती. लेणं बघायला गेलात तर भिंतीवरच्या त्या ओळींपाशी जरा थांबा. बरेच लोक घाटाचा फोटो काढून परततात.

सरळरेघ | १३ ऑगस्ट, सकाळी ७:५०

मी दुसरी बाजू मांडतो. वादासाठी वाद घालत नाही, मला खरंच असं वाटतं.

संख्या कशाची तरी असते. पाच आंबे, तीन गाई. आंबेच नसतील तर ‘शून्य आंबे’ म्हणजे काय मोजलं? काहीच नाही. मोजण्याची क्रियाच घडली नाही, तर तिचं उत्तर संख्या कसं? लहान मूल बोटं धरून एकपासून मोजतं, शून्यापासून मोजत नाही. ग्रीकांनी भूमिती केवढी उभी केली, पण शून्याला संख्या मानलं नाही. युक्लिडने संख्येची व्याख्याच ‘एककांचा समुदाय’ अशी केली आहे. शून्यात समुदाय कुठे आहे? शून्य सोयीचं आहे, अत्यंत सोयीचं आहे. पण सोय वेगळी आणि संख्या वेगळी.

पाचवा_मैल | १३ ऑगस्ट, सकाळी ९:०५

सरळरेघ, युक्लिडची व्याख्या पूर्ण लावून बघा. एककांचा समुदाय म्हणजे संख्या, तर एकटं एकक हा समुदाय नाही. म्हणजे १ ही सुद्धा संख्या नाही! हा माझा तर्क नाही, ग्रीक परंपरेत खरोखरच संख्या दोनपासून धरत, एकला संख्यांचं मूळ मानत. एक ही संख्याच आहे, असं सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाला १५८५ च्या पुस्तकात आग्रहाने मांडावं लागलं.

तेव्हा ग्रीकांच्या आधारे शून्याला बाहेर काढायचं असेल तर एकलाही काढावं लागेल. त्याला तुम्ही तयार आहात का?

सरळरेघ | १३ ऑगस्ट, सकाळी ९:३०

एकला काढायला तयार नाही. मुद्दा मान्य, युक्लिड मागे घेतो. पण आंब्यांचा प्रश्न तसाच आहे.

पर्जन्यवही | १३ ऑगस्ट, दुपारी १:१५

मी गणितातला नाही. सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात शेती करतो. पण ‘काहीच मोजलं नाही’ आणि ‘शून्य मोजलं’ यातल्या फरकावर माझा अकरा वर्षांचा अनुभव आहे, म्हणून लिहितो.

मळ्यात पर्जन्यमापक बसवलं आहे. हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे रोज सकाळी साडेआठला गेल्या २४ तासांचा पाऊस मोजतो आणि वहीत लिहितो. आमच्याकडे पावसाळ्यातसुद्धा बहुतेक सकाळी लिहावं लागतं ते ०.०. सुरुवातीला मी कोरड्या दिवशी काही लिहीतच नसे. पडला नाही तर लिहायचं काय, असा सरळरेघ यांच्यासारखाच विचार होता.

मग एका ऑगस्टमध्ये भाचीच्या लग्नाला चार दिवस बाहेरगावी होतो. परत आल्यावर वही बघतो तर कोऱ्या जागा भरपूर. त्यातल्या कुठल्या ‘पाऊस नव्हता’ म्हणून कोऱ्या आणि कुठल्या ‘मीच नव्हतो’ म्हणून, ते महिन्याअखेर कळेना. पाऊस नसणं आणि नोंद नसणं वहीत सारखंच दिसत होतं. त्या दिवसापासून नियम केला: भांडं बघितलं आणि कोरडं निघालं तर ०.०, भांडं बघितलंच नाही तर आडवी रेघ.

हा फरक हिशेबात कसा उतरतो ते बघा. समजा ३१ दिवसांच्या महिन्यात २७ दिवस भांडं बघितलं, एकूण ५४ मिलिमीटर पाऊस झाला, तोही फक्त ९ दिवसांत. बघितलेल्या दिवसांची सरासरी ५४ ÷ २७, म्हणजे रोज २ मिलिमीटर. हे बरोबर उत्तर. न बघितलेले चार दिवस शून्य धरून टाकले तर भागायचं ३१ ने, उत्तर १.७४, म्हणजे उगाच कमी. आणि तुम्ही म्हणता तसं शून्य ही संख्याच नाही म्हणून कोरडे १८ दिवस गाळले, तर भागायचं ९ ने आणि उत्तर ६! सिन्नरच्या पूर्व भागात रोज सहा मिलिमीटर पाऊस! असं असतं तर आम्ही टँकरची वाट कशाला बघितली असती?

ते १८ शून्य नुसते लिहिलेले नाहीत, बेरजेत घेतले आहेत आणि मोजणीतही धरले आहेत. बेरीज त्यांनी बदलली नाही, सरासरी बदलली. शून्य दिसतं त्या सकाळी सुद्धा मी भांड्यापर्यंत चालत गेलो, झाकण काढलं, आत बघितलं. मोजण्याची क्रिया घडली होती. त्या मोजणीचं उत्तर ०.० होतं.

मोगरा | १३ ऑगस्ट, दुपारी २:००

पर्जन्यवही दादा, हे वाचून सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘खातं आहे आणि शिल्लक शून्य, हे वेगळं; आणि खातंच नाही, हे वेगळं. हे तर मी रोज करत होतो.’

कव्हरड्राइव्ह | १३ ऑगस्ट, दुपारी ३:४०

हेच क्रिकेटमध्ये. शून्यावर बाद झालेला आणि फलंदाजीलाच न आलेला, दोघांच्याही धावा नाहीत, पण धावफलकावर दोघं वेगवेगळे लिहिले जातात.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण डॉन ब्रॅडमनचं. १४ ऑगस्ट १९४८, ओव्हल, शेवटची कसोटी. मैदानात उतरला तेव्हा त्याच्या ६९९६ धावा झाल्या होत्या आणि तो ६९ वेळा बाद झाला होता. सरासरी १०१.३९. होलीजच्या दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा. धावा होत्या तेवढ्याच राहिल्या, ६९९६, पण बाद झाला ७० वेळा. सरासरी ९९.९४. ते शून्य मोजलं नसतं तर आज सगळं जग १०१.३९ म्हणालं असतं. माझ्या लेखी तरी या वादाचा निकाल इथेच लागतो.

क्षितिज_क | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

बौद्ध तत्त्वज्ञानात नागार्जुनाने शून्यता सांगितली आहे, ती आणि गणिती शून्य यांचा संबंध कुणी उलगडून सांगेल का? मला वाटतं आपल्याकडे शून्य सापडलं याचं कारणच ते आहे.

ऋणधन | १३ ऑगस्ट, रात्री ९:५०

क्षितिज, तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. शब्द एकच असल्यामुळे दोन्ही गोष्टी सहज जोडल्या जातात, पण शून्यता म्हणजे वस्तूंना स्वतंत्र स्वभाव नसणं. तिची बेरीज-वजाबाकी कुणी केली नाही. इथे तरी गणितापुरतं राहू.

माझं क्षेत्र संस्कृत, गणिताची आवड जुनी. मला या चर्चेतली मधली पायरी सांगायची आहे: खुणेची संख्या नेमकी कधी झाली?

शून्याच्या कोरीव खुणेचं नाव निघालं की ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिराचा लेख दाखवतात, इ.स. ८७६ चा. त्यात २७० हात लांबीची बाग आणि रोजच्या ५० माळा आहेत, आणि दोन्हींतली शून्यं आजच्यासारखीच वाटोळी आहेत. फार सुंदर लेख आहे. पण ते शून्य खडूफळा सर म्हणतात तसा अंक आहे. त्याच्या जवळजवळ २५० वर्षं आधी, इ.स. ६२८ मध्ये, भिल्लमाळच्या (आजचं राजस्थानातलं भीनमाळ) ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धान्त लिहिला. त्यातल्या कुट्टकाध्यायात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजेचे नियम एका रांगेत येतात. धन आणि धन मिळून धन. ऋण आणि ऋण मिळून ऋण. समान धन आणि ऋण मिळाले की ‘खम्’, म्हणजे शून्य. ऋणात शून्य मिळवलं तर ऋण, धनात मिळवलं तर धन. आणि पुढे दोनच शब्द: ‘शून्ययोः शून्यम्’.

या दोन शब्दांकडे नीट बघा. ‘शून्ययोः’ हे द्विवचन आहे. दोन शून्यं. जागा राखणाऱ्या खुणेची कुणी बेरीज करत नाही. ज्या क्षणी ‘दोन शून्यं मिळवली तर काय?’ हा प्रश्न कुणाला पडला, त्या क्षणी ते धन आणि ऋण यांच्या पंक्तीला जाऊन बसलं. शिवाय ते आलं कुठून तेही सांगितलंय: समान धन-ऋणांच्या बेरजेतून. पाच रुपये जवळ, पाच रुपयांचं कर्ज, दोन्ही मिळून जे उरतं त्याला संख्या म्हटलं नाही, तर बेरीज मध्येच तुटते.

म्हणून माझं उत्तर असं: एखादी गोष्ट संख्या आहे की नाही, हे ती किती आंबे दाखवते यावर ठरवायचं नाही. तिच्याशी हिशेब करता येतो का आणि त्या हिशेबाचे नियम बाकीच्यांशी जुळतात का, यावर ठरवायचं. नाहीतर −३ आंबे तरी कुणी बघितलेत?

सरळरेघ | १३ ऑगस्ट, रात्री १०:२०

ऋणधन, हे मला पटायला लागलं आहे, ब्रॅडमनचं उदाहरण तर पटलंच. पण तुमचीच कसोटी लावतो. ‘नियम बाकीच्यांशी जुळतात का?’ भागाकारात जुळत नाहीत! बाकी प्रत्येक संख्येने भागता येतं, फक्त हिने नाही. पंक्तीला बसून एक पदार्थ वर्ज्य?

ऋणधन | १४ ऑगस्ट, सकाळी ७:३०

हा आक्षेप तुमच्या आधी फार मोठ्या लोकांनाही छळून गेला आहे.

ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असं लिहिलं. ते चुकलं. इतर संख्येला शून्याने भागलं तर त्याने फक्त नाव दिलं, ‘तच्छेद’, म्हणजे ज्याचा छेद शून्य आहे असा अपूर्णांक, आणि तिथेच सोडलं. पाचशेहून अधिक वर्षांनी भास्कराचार्यांनी त्याला ‘खहर’ म्हटलं. ‘बीजगणित’ या आपल्या ग्रंथात ते म्हणतात, सृष्टीच्या वेळी कितीही जीव बाहेर पडले, प्रलयात कितीही आत शिरले, तरी अनंत अच्युतात जसा विकार होत नाही, तसा या खहर राशीत काही मिळवलं वा काढलं तरी बदल होत नाही. कल्पना भव्य आहे, पण आजच्या अंकगणितात शून्याने भागाकार करत नाहीत.

का करत नाहीत ते सहावीतल्या मुलीलाही कळेल. ६ ÷ २ = ३, कारण ३ × २ = ६. आता ६ ÷ ० साठी अशी संख्या शोधा, जिला शून्याने गुणलं की ६ येतील. एकही नाही. आणि ० ÷ ० साठी शोधा, तर कुठलीही चालते: ७ × ० सुद्धा ०, ९० × ० सुद्धा ०. एकदा उत्तरच नाही आणि एकदा सगळीच उत्तरं. म्हणजे शून्याचा गुणाकाराचा नियम जसाच्या तसा पाळल्यामुळेच भागाकार बंद होतो. नियम मोडला म्हणून बंद झालेला नाही.

उलट बेरजेत त्याचं स्थान कुणालाच मिळत नाही. ज्यात मिळवाल त्यात काही विकार होत नाही, म्हणून आपण त्याला बेरजेचा अविकारक म्हणतो.

आणि मोगराताई, तुमच्या सासऱ्यांच्या पाढ्याचं उत्तर राहिलंच! लीलावतीत, इ.स. ११५० च्या सुमारास, भास्कराचार्यांनी शून्याच्या आठ क्रियांचे नियम दिले आहेत. सुरुवात ‘योगे खं क्षेपसमम्’, शून्यात जे मिळवाल तेच उत्तर. आणि पुढे: ‘खगुणः खम्’. शून्याने गुणलेलं शून्य. शून्याचा अख्खा पाढा दोन शब्दांत झाला. तो पाठ करावा लागला नाही, म्हणून कुणी म्हटला नाही.

ज्यांना जमेल त्यांनी चाळीसगावजवळच्या पाटण्याला जरूर जावं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला, त्याचा इ.स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृत आहे, पण शेवटी मठाला मिळणाऱ्या देणग्यांचा आणि करांचा भाग जुन्या मराठीत आहे. गणित शिकवण्यासाठी गावाने काय काय द्यायचं, याची ती यादी वाचताना मला भरून येतं.

सरळरेघ | १४ ऑगस्ट, सकाळी ८:१०

‘पाळल्यामुळेच बंद होतो’, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत फक्त ‘शून्याने भागायचं नाही’ एवढंच ऐकलं होतं. माझा विरोध मागे घेतो. संख्या आहे.

वर्तुळाकार | १४ ऑगस्ट, दुपारी १२:३०

सॉफ्टवेअरमध्ये यादीतला पहिला घटक शून्य क्रमांकाचा धरतात, नवीन मुलं तिथे हमखास गोंधळतात. पट्टीसारखा विचार करायचा: पट्टीची सुरुवात १ वर नसते, ० वर असते. क्रमांक म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर.

आणखी एक. २०१८ मध्ये मधमाश्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कमी खुणा असलेलं चित्र निवडायला शिकवलेल्या माश्यांना कोरं चित्र दाखवलं, तर त्यांनी ते एकापेक्षाही कमी म्हणून ओळखलं. कोऱ्या चित्राला त्यांनी १, २, ३ च्या रांगेत जागा दिली!

दूरदेशी_लियाँ | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४५

माझी मुलं इथे फ्रान्समध्ये शिकतात. इथल्या शाळेत नैसर्गिक संख्यांची सुरुवातच ० पासून करतात. मी मराठी शाळेतून १ पासून शिकून आलेली, त्यामुळे मुलाचा गृहपाठ मीच पहिल्यांदा चुकीचा ठरवला होता. दोन्ही संकेत आहेत, ज्या वर्गात बसाल तिथला पाळायचा. पण नैसर्गिक संख्यांत घ्या किंवा घेऊ नका, शून्य संख्या आहे यावर दोन्हीकडे दुमत नाही. मोगराताईंच्या लेकीच्या बाईंनी बहुधा या दोन गोष्टी एक केल्या.

मोगरा | १७ ऑगस्ट, रात्री ८:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शाळेत जाऊन बाईंना भेटले. सोबत खडूफळा सरांचा पहिला प्रतिसाद छापून नेला होता. बाईंनी शांतपणे पूर्ण वाचला. म्हणाल्या, मी नैसर्गिक संख्या मनात धरून प्रश्न काढला, तो शब्द लिहायचा राहिला. वर्गात सगळ्यांना सांगितलं, ज्यांनी ० लिहिलं होतं त्या चारही मुलांना गुण दिला. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

सासऱ्यांनी ‘खगुणः खम्’ वहीत उतरवून घेतलंय. लेकीचा पुढचा प्रश्न आला आहे: शून्य धन संख्या आहे की ऋण?

खडूफळा | १७ ऑगस्ट, रात्री ९:२०

दोन्ही नाही, म्हणून सांगा. संख्यारेषेवर ते धन आणि ऋण यांच्या मधोमध आहे.

दूरदेशी_लियाँ | १७ ऑगस्ट, रात्री ११:०५

सर, इथे फ्रान्समध्ये मात्र मुलांना ‘दोन्ही’ असं शिकवतात. इथे धन म्हणजे शून्य किंवा त्याहून मोठी, आणि ऋण म्हणजे शून्य किंवा त्याहून लहान. शून्य वगळायचं असेल तर ‘काटेकोर धन’ असा वेगळा शब्द वापरतात. लेकीला दोन्ही सांगा ताई, पण पेपरात खडूफळा सरांचं उत्तर लिहायला सांगा.

मोगरा | १७ ऑगस्ट, रात्री ११:३०

झोपली आहे. सकाळी उठल्या उठल्या सांगते.